वयाची वजावट एकदाच

लेखमाला : घामाचा हिशेब । लेखांक ७

गेल्या लेखांकात माथाडी मंडळाकडे भरली जाणारी लेव्ही आणि तिच्यातून मिळणारे लाभ पाहिले. आजचा विषय आहे, निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेली असताना कामावर होणारी दुखापत.

बाजार समितीच्या गाळ्यावर ट्रक खाली होत असतो. दोघे पोत्याची टोके धरून उचल देतात, तिसरा वाकून ते पाठीवर घेतो आणि फळीवरून उतरू लागतो. पन्नास किलोचे पोते किंचित कलते, सावरायला हात झटकन मागे जातो आणि खांद्यात कळ उठते. पंचविशीतला गडी असता तर टोळीनेच त्याला दवाखान्यात नेले असते. पंचावन्न वर्षांचा हमाल मात्र स्वतःच म्हणतो, "उसण भरली असेल, वय झालं आता." मलम चोळून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली उभा राहतो, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. महिन्याभराने हात खांद्यावर जाईनासा होतो, तेव्हा अपघाताची नोंद कुठेच नसते.

पुढे एमआरआय निघतो. अहवालात लिहिलेले असते, 'डीजनरेटिव्ह चेंजेस', म्हणजे झिजेच्या खुणा. मालक तेवढ्यावर बोट ठेवतो : ही दुखापत नव्हे, म्हातारपण आहे. पण पन्नाशीनंतर मणक्यातल्या चकत्यांची आणि खांद्याच्या स्नायुबंधांची झीज काहीही दुखत नसलेल्या असंख्य माणसांच्या अहवालातही दिसते. काल तो माणूस पोती वाहत होता, आज हात उचलत नाही. मधल्या वेळात काय घडले हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर झिजेच्या खुणा देत नाहीत. आधी दुबळे झालेले अंग कामाच्या ताणाने निकामी झाले तरी तो कामावरचा अपघातच, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१० मध्येच मान्य केले होते. भरपाईच्या कायद्यात निरोगी शरीराची अट नाही.

आपल्याकडचा हा भरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मात्र हिशेबाची मूळ रीत तीच आहे. (ईएसआय विम्याचे कवच असलेल्यांची व्यवस्था वेगळी आहे.) कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिशीचा गुणक २०७.९८, पंचावन्नचा १३५.५६. २०२० मध्ये ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर तीस वर्षांच्या कामगाराचे १८,७१,८२० रुपये होतात आणि पंचावन्नच्या कामगाराचे १२,२०,०४०. कमाईची वर्षे कमी उरली म्हणून साडेसहा लाखांची वजावट. वयाचा हिशेब इथे संपला.

प्रत्यक्षात तो पुन्हा केला जातो, आणि तो टक्केवारीतून. हात तुटणे, डोळा जाणे अशा दुखापतींची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली आहे. खांदा किंवा पाठ अधू झाली तर डॉक्टर ती ठरवतात. डॉक्टर खांदा तपासून 'वीस टक्के अपंगत्व' लिहितात. ते वीस टक्के खांद्याचे असतात. कायदा विचारतो कमावण्याची ताकद किती गेली ते. हा फरक न सांगता वीसचा आकडा तसाच हिशेबात घातला की १२,२०,०४० चे २,४४,००८ होतात. कारकुनाचा खांदा वीस टक्के अधू झाला तर त्याची नोकरी चालू राहते. ज्याने जन्मभर फक्त ओझे वाहिले, त्याला पंचावन्नाव्या वर्षी दुसरे काम कोण देणार? त्याची कमाई शंभर टक्के गेलेली असू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हेच मान्य केले. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने ते संपूर्ण ठरवले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही याच निकालात आहे. ती महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

म्हणून काही गोष्टी त्याच दिवशी करायच्या. मुकादमाला तोंडी सांगून भागत नाही; मालकाला आणि मंडळाला तारीख, वेळ, गाळा आणि साक्षीदार घालून लेखी कळवावे व पोच घ्यावी. डॉक्टरांना नुसते "खांदा दुखतोय" न म्हणता "पोते उतरवताना दुखावला" असे सांगून तसे केसपेपरवर लिहून घ्यावे. अपंगत्वाचा दाखला घेताना हमालीच्या कामासाठी कमाईक्षमता किती गेली, याचा स्पष्ट उल्लेख मागावा. दावा दोन वर्षांत करायचा असतो, आणि तो राहत्या ठिकाणीही करता येतो; दुखणे घेऊन साताऱ्याच्या गावी परतलेल्या माथाड्याने मुंबईच्या खेपा घालण्याची गरज नाही.

आणि स्वतःला दोष देणे सोडावे. "माझाच पाय घसरला" म्हणून हक्क जात नाही; चूक कोणाची हा प्रश्न हा कायदा सहसा विचारतच नाही. दहा-वीस हजार हातावर ठेवून 'तक्रार नाही' अशी सही घेतली असेल, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने शून्य आहे.

तीस वर्षे वाहिलेल्या ओझ्याने शरीर झिजले असेल, तर ती झीज त्याच बाजाराच्या कामाची आहे. तिचाच पुरावा कामगाराविरुद्ध वापरला जाणे हा उघड अन्याय आहे, आणि तो थांबवणे टोळीच्या, युनियनच्या आणि दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आहे. वयाची वजावट कायद्याने एकदा केली आहे. दुसऱ्यांदा ती कोणालाही करू देऊ नका.

(पुढील लेखांकात : ठेकेदाराकडचा कामगार आणि मूळ मालकाची जबाबदारी)