नोकरी की गाणं? मूर्तिजापूरच्या वसंतरावांची गोष्ट

कानात हेडफोन घालायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मागच्या आठवड्यात वर्ध्याच्याच एका श्रोत्याने विचारलं, "दादा, गाण्यासाठी नोकरी सोडू का?" मी स्वतः रोज वर्ध्याहून गाडी पकडून नागपूरला हिशेबाच्या कामाला जातो आणि रात्री माईकसमोर बसतो. त्यामुळे प्रश्न मलाही टोचला. सल्ला द्यायची माझी लायकी नाही, पण आपल्याच रेल्वेलाइनवरच्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

वर्ध्याहून मुंबईकडे निघालं की पुलगाव, बडनेरा आणि मग मूर्तिजापूर. तिथे २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्मले. आईने त्यांना नागपुरात एकटीने वाढवलं. तिथे शंकरराव सप्र्यांकडे गाणं सुरू झालं. १९३५ मध्ये, म्हणजे आपण दहावीत असतो त्या वयात, भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये ते कृष्ण झाले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकले. मास्टर दीनानाथांची आक्रमक, चमकदार गायकी त्यांच्या मनात बसली होती. सुरेशबाबू मान्यांकडूनही त्यांनी घेतलं. त्यांचं 'घराणं कोणतं' हे एका शब्दात सांगता येत नाही, ते यामुळेच.

आता वाटेल, झाला की स्टार! नाही झाला. पोट भरायला पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी धरली आणि ती वर्षानुवर्षं केली. दिवसा आकडे, बाकी वेळात रियाज, मैफली, रेडिओ. साठच्या दशकात बदली झाली ती थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. कुठे पुण्याच्या मैफली आणि कुठे तो मुलूख! पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ गाण्यात उतरले.

आणि मग आलं 'कट्यार काळजात घुसली'. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ला. खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव, वय सत्तेचाळीस!

संगीत नाटकात गाणं म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. इथे रीटेक नाही. दोन-तीन तासांच्या प्रयोगात संवाद म्हणायचे, पात्र सोडायचं नाही आणि मध्येच ऑर्गन-तबल्याच्या साथीने लाइव्ह गायचं. वन्स मोअर आला तर पुन्हा, तेवढ्याच ताकदीने. मैफलीत राग तासभर फुलवता येतो. नाट्यपदात तोच रंग काही मिनिटांत दाखवायचा असतो. शिवाय 'कट्यार'मध्ये भांडणच दोन गायकींचं. म्हणून 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन वेगवेगळ्या चालींत येतं. शब्द तेच, पण गाणाऱ्याचा स्वभाव बदलतो. खाँसाहेबांचा अहंकार आणि आतली तडफड वसंतरावांच्या तानांमधून कळते, संवाद ऐकू आला नाही तरी.

म्हणजे इतक्या गुरूंकडून वेचलेलं सगळं या एका भूमिकेत कामी आलं. कारकुनीच्या वर्षांत रियाज सुटला असता, तर भूमिका दारात येऊनही उपयोग नव्हता.

पण गोष्ट फार गोडही करायला नको. नोकरीने घर चालवलं, तसा वेळही घेतला. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. 'कट्यार'नंतर त्यांना जेमतेम साडेपंधरा वर्षं मिळाली. हा हिशेब मला रात्री झोपू देत नाही.

पुढे त्यांचा नातू राहुल देशपांडे यांनी रंगमंचावर तेच खाँसाहेब उभे केले आणि 'मी वसंतराव' चित्रपटात आजोबांची भूमिका केली. त्यातल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

तर मित्रा, राजीनामा लिहिण्याआधी एक सांग: नोकरीवरून आल्यावर तू रोज किती वेळ गातोस? तो आकडा मला कळव. माझाही कळवतो, थोडा लाजिरवाणा आहे.

तोवर त्या पदाच्या दोन्ही चाली लागोपाठ ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावूनच!