उपचाराचा हक्क आणि रेशनकार्डावरचे नाव

महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाला, मग त्याची शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो वा पांढरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळावेत, असा निर्णय राज्य शासनाने २८ जुलै २०२३ रोजी घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही, त्यांच्यासाठी राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला, म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, ग्राह्य धरले गेले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांचे हे एकत्रित रूप आहे. आपण सरकारी व्याख्येत गरीब ठरतो की नाही, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील कुटुंबांना एरवी पहिल्यांदा पडत असे; तो आता बहुतांशी मिटला आहे. त्याच्या जागी दुसरा प्रश्न आला आहे, तो कागदावरील नावाचा, आणि या योजनेतून एखादे कुटुंब खरोखर सावरते की कर्जात जाते, हे पुष्कळदा त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

या व्यवस्थेचा आरंभ १९९७ च्या जीवनदायी आरोग्य योजनेपासून होतो. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या मोजक्या, खर्चिक शस्त्रक्रियांसाठी शासन त्यातून मदत देत असे. तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही, लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा आणि ९७१ उपचारांची यादी असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१३ ते २०२४ या काळात पात्रतेची कसोटी मात्र मुख्यतः एकच राहिली, ती म्हणजे शिधापत्रिकेचा रंग.

हा रंग मुळात धान्यवाटपासाठी ठरला होता. राज्यात १९९९ मध्ये तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, तेव्हा वार्षिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्याहून अधिक पण १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना केशरी आणि १ लाखाच्या वर उत्पन्न असलेल्यांना पांढरी शिधापत्रिका देण्यात आली. पुढे महागाई वाढत गेली, रोजंदारीचे दर बदलले, शेतीचा खर्च कित्येक पटींनी वाढला, तरी १ लाखाची ती रेघ हलली नाही. धान्य घेण्यासाठी काढलेली रेघ हृदयाच्या शस्त्रक्रियेचा निकाल देऊ लागली, हे धोरणाचे अपयश होते आणि ते दुरुस्त व्हायला अकरा वर्षे लागली, असे म्हणावे लागते.

नगर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर तर या कसोटीतील अन्याय नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्हे शासनाने निवडले आणि तेथील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही, सातबारा उतारा दाखवल्यास, योजनेत घेतले. या १४ जिल्ह्यांत बीड, तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे नगरला लागून असलेले तिन्ही जिल्हे होते. नगर जिल्हा महसुली विभागणीने नाशिक विभागात येत असल्यामुळे तो या यादीत नव्हता. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड हे तालुके पावसाच्या, जमिनीच्या आणि स्थलांतराच्या दृष्टीने शेजारच्या बीडहून वेगळे काढता येत नाहीत. दोन्हीकडची माणसे एकाच टोळीत ऊसतोडणीला जातात आणि सोयरिकीही सीमेपलीकडे जुळतात. तरीही पांढरी शिधापत्रिका असलेला बीडच्या आष्टी तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी पात्र ठरत होता आणि तशीच जमीन, तशीच शिधापत्रिका असलेला जामखेडचा शेतकरी अपात्र ठरत होता. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर उभ्या राहिलेल्या बागायती उत्तरेमुळे, जिथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्येच सुरू झाला, संपूर्ण जिल्हा सधन समजला जातो आणि त्या समजुतीची किंमत दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांनी मोजली. २०२४ पासून सर्वांना प्रवेश मिळाल्याने हा भेद संपला, आणि या निर्णयाची थोरवी जिल्ह्यापुरती सांगायची तर ती यातच आहे.

केंद्राच्या योजनेची कसोटी याहून निराळी होती. २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या त्या योजनेने उत्पन्न विचारले नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेतील वंचिततेच्या खुणा तिने आधार मानल्या. ग्रामीण भागात या खुणा म्हणजे कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराचे एकाच खोलीचे घर, १६ ते ५९ वयोगटातील कर्ता माणूस नसणे, कुटुंबाची प्रमुख स्त्री असून त्या वयाचा पुरुष घरात नसणे, घरात अपंग व्यक्ती असून धडधाकट प्रौढ कोणी नसणे, अनुसूचित जाती वा जमातीचे कुटुंब असणे, आणि भूमिहीन असून मजुरीवर गुजराण होणे. यांपैकी एक लागू झाली तरी कुटुंब पात्र ठरे. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांचा यादीत येण्याचा मार्ग या निकषांमुळे मोकळा झाला. परंतु यादी २०११ ची असल्याने त्यानंतर वेगळी राहू लागलेली, लग्न होऊन आलेली, गावोगाव विखुरलेली माणसे तिच्यात सापडेनाशी झाली. पुढे राज्याने लाभार्थ्यांची नोंद शिधापत्रिकांच्या संगणकीय माहितीशी जोडली आणि आयुष्मान कार्ड सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुले केले, त्यामुळे ही अडचण पुष्कळशी हलकी झाली.

अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १९६५ पासून असलेली मेडिकेड ही व्यवस्था येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तिचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, परंतु पात्रता राज्यागणिक बदलते. २०१० च्या कायद्यानंतर ज्या राज्यांनी विस्तार स्वीकारला तेथे दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेले प्रौढ पात्र ठरतात. तेथे कुटुंबाला उत्पन्नाचे पुरावे जोडून रीतसर अर्ज करावा लागतो, ठरावीक काळाने पात्रता पुन्हा तपासली जाते आणि उत्पन्न वाढले तर कवच जाते. महाराष्ट्रात असा वार्षिक अर्ज नाही, हप्ता नाही, उत्पन्नाची फेरतपासणी नाही. ही मोठीच सोय आहे. मात्र अर्जाचा प्रसंगच नसल्यामुळे कागदातील चूक सहसा रुग्ण दाखल होण्याच्या वेळी, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, उघडकीला येते.

म्हणून कुटुंबाने निरोगी असतानाच करायचे पहिले काम म्हणजे शिधापत्रिकेवरील नावे तपासणे. शिधापत्रिकेला आता बारा अंकी संगणकीय क्रमांक असतो आणि उपचाराच्या वेळी त्या क्रमांकाखाली रुग्णाचे नाव आहे का, हे पाहिले जाते. सर्वांत जास्त अडचण येते ती सुनांची. लग्नानंतर माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणून ते सासरच्या शिधापत्रिकेत चढवावे लागते, आणि हे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहते, कारण धान्यावाचून काही अडलेले नसते. मग बाळंतपणातील गुंतागुंत किंवा गर्भाशयाचा विकार उद्भवला की त्या स्त्रीचे नाव कोणत्याच घरच्या कागदावर धड सापडत नाही. नाव कमी करणे, वाढवणे किंवा दुरुस्त करणे ही कामे तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे होतात. आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव यांत आडनाव, वडिलांचे नाव किंवा जन्मवर्ष यांचा फरक असेल तर तोही तेव्हाच काढून टाकावा. नवजात बालकाचे नाव शिधापत्रिकेत येण्यापूर्वीच उपचारांची गरज पडली, तर जन्माचा दाखला आणि आईवडिलांची शिधापत्रिका यांवर त्याची नोंद होऊ शकते.

दुसरे काम आयुष्मान कार्डाचे. आपले सरकार सेवा केंद्रात, आशा स्वयंसेविकेकडे किंवा स्वतःच्या मोबाइलवरील आयुष्मान ॲपमधून आधारच्या साहाय्याने ओळख पडताळून हे कार्ड मिळते. कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे कार्ड वेगळे असते, एकाचे निघाले म्हणजे सर्वांचे निघाले असे होत नाही. कोयता आणि खुरपे धरून बोटांचे ठसे झिजलेल्या मजुरांची यंत्रावर ओळख पटत नाही, तेव्हा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा संकेतांक किंवा चेहऱ्याची पडताळणी हे पर्याय मागून घ्यावेत. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असले तरी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना हे स्वतंत्र कार्ड सुरू झाले आहे. ज्या कुटुंबांना केंद्राच्या योजनेचे कवच आधीच आहे, त्यांतील या वृद्धांना स्वतःपुरते आणखी ५ लाखांचे कवच त्यामुळे मिळते.

आजार उद्भवल्यावर योजनेशी करारबद्ध असलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात जावे लागते. तेथे दर्शनी भागात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. आरोग्यमित्र हा योजनेने नेमलेला कर्मचारी असून कागद पाहणे, नोंदणी करणे आणि रुग्णाला मार्ग दाखवणे हे त्याचे काम असते. डॉक्टरांनी निदान केल्यावर रुग्णालय तपासण्यांचे अहवाल जोडून पूर्वमंजुरी मागते, आणि ती साधारण २४ तासांत मिळणे अपेक्षित असते. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद ठरलेल्या मुदतीत पुरवता येतात. येथे एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी पक्की ध्यानात ठेवली पाहिजे: नोंदणी दाखल होतानाच करायची असते. आधी पैसे भरून उपचार घेतले आणि मागाहून कार्ड दाखवले, तर तो खर्च परत मिळण्याची ही योजना नाही. मंजूर उपचारात शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, खाटेचे शुल्क आणि जेवण हे सर्व धरलेले असते, त्यामुळे त्यासाठी वेगळी रक्कम मागितली गेल्यास प्रथम आरोग्यमित्राकडे, मग योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे किंवा १५५३८८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करावी.

५ लाखांची मर्यादा एका माणसाची नसून कुटुंबाची आहे. एकाने ती वापरली तर उरलेली रक्कम इतरांच्या वाट्याला येते आणि दरवर्षी ती नव्याने मोजली जाते. २०२३ च्या निर्णयाने उपचारांची संख्या १,३५६ केली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली आणि रस्ते अपघातातील जखमींसाठी प्रति रुग्ण १ लाख रुपयांपर्यंतची सोय याच योजनेत आणली, जिचा लाभ परराज्यातील जखमीलाही मिळतो. शिर्डीकडे येणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या नगर-मनमाड रस्त्याचा विचार करता ही तरतूद या जिल्ह्यासाठी विशेष मोलाची आहे. यादीतील काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत, म्हणून खासगी रुग्णालय अंगीकृत असले तरी तो विशिष्ट उपचार तेथे मिळेल का, हे आधी विचारावे.

या साऱ्याला दोन मोठ्या उणिवा आहेत आणि त्या नजरेआड करता येत नाहीत. पहिली अंतराची. लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय, शिर्डीची साईबाबा संस्थानाची रुग्णालये, नगर शहरातील जिल्हा रुग्णालय आणि विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी केंद्रे उत्तरेत किंवा नगर शहराच्या परिसरात आहेत. जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर आहे आणि अकोल्याच्या डोंगरातील वाड्यांना तर संगमनेर गाठणे हाच एक प्रवास होतो. मजुरी बुडवून रुग्णासोबत राहणाऱ्याचा खर्च कोणत्याही कार्डात बसत नाही. दुसरी उणीव अशी की ही योजना रुग्ण खाटेवर आल्यावर सुरू होते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांची रोजची औषधे तिच्यात येत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाल्या आहेत खऱ्या, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध वेळेवर असेल तरच त्याचा उपयोग. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच जिल्ह्यात, जामखेडला, गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवून दाखवले की पुष्कळसे आजार रुग्णालयापर्यंत पोचूच नयेत अशी व्यवस्था उभारता येते. त्यांच्या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, परंतु राज्याच्या आरोग्यकवचाच्या रचनेत त्या विचाराला अजून पुरेशी जागा नाही.

योजनेच्या यादीत नसलेल्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग उरतो. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तेथे मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा तत्सम पुरावा लागतो.

जिल्ह्यापुरते सर्वांत तातडीचे काम ऊसतोड कुटुंबांचे आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्यांतील काही कर्नाटकात जातात, आणि परराज्यातील रुग्णालयात केवळ केंद्राच्या योजनेतील लाभार्थ्यालाच उपचार मिळू शकतात. त्यामुळे कोणत्या घराची नोंद कोणत्या योजनेत आहे, कोणाचे कार्ड निघालेले नाही आणि कोणत्या सुनेचे नाव अजून माहेरच्या कागदावर आहे, याची वाडीवार यादी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचली जावी आणि तहसीलच्या पुरवठा शाखेने टोळ्या गाव सोडण्यापूर्वी त्या गावांत शिबिरे घेऊन ती पुरी करावी, अशी मागणी प्रत्येक ग्रामपंचायतीने लेखी करायला हवी.