अन्नघटकांचे वर्गीकरण : पोट भरणे आणि पोषण होणे

“घरी दोन्ही वेळा पोटभर जेवण होते, मग अंगात रक्त कमी कसे?” असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर अन्नघटकांच्या वर्गीकरणात आहे. म्हणून त्याची थोडी माहिती येथे देत आहोत.

शरीरास रोज बऱ्याच ग्रॅमच्या मापाने लागतात ते स्थूल अन्नघटक : कर्बोदके, प्रथिने व स्निग्ध पदार्थ. ऊर्जा मिळते ती मुख्यतः यांच्यापासून. एक ग्रॅम कर्बोदकापासून अथवा प्रथिनापासून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी. जीवनसत्त्वे व खनिजे हे सूक्ष्म अन्नघटक. त्यांपासून ऊर्जा मिळत नाही आणि त्यांची मात्राही अल्प. प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी आयोडीन लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम. पाणी व चोथा यांचे स्थान निराळे, पण त्यांच्यावाचून चालत नाही.

‘सूक्ष्म’ या शब्दाने मात्र फसगत होते. भूक शमते ती स्थूल घटकांनी. लोहाची उणीव पोटास कळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे प्रमुख होय.

आहारातील लोहाचेही दोन प्रकार आहेत. मांस-मासळीतील लोहाचा बराचसा भाग शरीर सहज शोषून घेते. धान्ये, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह त्या मानाने कमी शोषले जाते. भाकरी, मटकीची उसळ व पालेभाजी हे ताट चांगलेच. त्यावर लिंबू पिळल्यास ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते, आणि जेवणालगत चहा घेतल्यास ते घटते. चहा तासाभराने घ्यावा, एवढे सांगितले तरी पुष्कळांना नवल वाटते!

आजाऱ्यासाठी घरून बहुधा साबुदाण्याची खीर येते. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र. ती उणीव दुधाने थोडी भरून निघते, पण दुधात लोह अत्यल्प असते. पथ्य आड येत नसेल, तर मूगडाळीची मऊ खिचडी अधिक उपयोगी पडते. फळे देणाऱ्या दात्यांनाही विनंती की, केळ्यांच्या जोडीस पेरू, संत्री व मोसंबी द्यावीत. प्रत्येक रुग्णाचे पथ्य निराळे असल्याने डबा आणण्यापूर्वी आहारतज्ज्ञांस अवश्य विचारावे.