बलून का उघडलं नाही?

अपघात झाला की बघ्यांच्या घोळक्यात दोन प्रश्न हमखास येतात. माणसं वाचली का, आणि बलून उघडलं का? एअरबॅग हा शब्द गाडीच्या माहितीपत्रकातला. गॅरेजात, ढाब्यावर अनेकांच्या तोंडी असतं ते बलूनच. ‘पुढचा पार भुगा झाला, पण बलून काही उघडलं नाही,’ असं कुणीतरी म्हणतो आणि पाठोपाठ कंपनीला शिवी पडते. ही शिवी कधी कधी रास्त असते. पुष्कळदा मात्र खरं कारण धडक कशी बसली यात असतं, आणि ते चेपलेला पत्रा पाहून कळत नाही.

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव घ्या. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव साताऱ्यातलं, ते वेगळं.) इथल्या माणसाला मोठ्या बाजाराला, मोठ्या दवाखान्याला हिंगोली गाठावी लागते आणि पुढे नांदेडला जायचं तर अकोला-नांदेड महामार्ग. रात्रीच्या या रस्त्यांवर कारसमोर काय येईल याचा नेम नसतो. दिव्याविना उभी ट्रॅक्टर-ट्रॉली येते, बाहेर गज आलेला टेम्पो येतो, नाहीतर शेतातून उडी मारून रस्त्यावर आलेलं रोही. एअरबॅग फुगण्यासाठी हव्या असलेल्या धडकेत आणि या धडकांमध्ये बराच फरक आहे.

गाडी किती चेपली हे एअरबॅगला ठाऊक नसतं. गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअरच्या खालच्या बाजूला, एक छोटा संगणक असतो आणि पुढच्या भागात धक्का ओळखणारे सेन्सर. हे सगळे मिळून एकच गोष्ट मोजतात: गाडीचा वेग किती झटक्यात उतरला. उंचावरून कडब्याच्या गंजीवर उडी मारणं वेगळं आणि दगडी ओट्यावर मारणं वेगळं. उंची तीच, पण गंजीत माणूस हळूहळू थांबतो आणि ओट्यावर एकदम. एअरबॅगचा संगणक ‘ओटा’ ओळखायला शिकवलेला आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अ‍ॅलन ब्रीड यांनी बनवलेल्या सेन्सरमागे हाच विचार होता. नळीत चुंबकाने धरून ठेवलेली एक गोळी असायची. झटका पुरेसा मोठा असला तरच ती सुटून पुढे जाई आणि विजेचा संपर्क जुळे. आता गोळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक चिप आली.

हा निर्णय सेकंदाच्या काही शतांशांत होतो. मग गॅस तयार करणारं रसायन पेटतं आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगून पुन्हा मोकळी व्हायला लागते. एकदा फुगलेली पिशवी परत वापरता येत नाही. म्हणूनच खड्ड्यात आदळल्यावर किंवा पार्किंगमध्ये भिंतीला टेकल्यावर ती उघडू नये, याचीही काळजी घेतलेली असते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या माहितीनुसार, सीटचा पट्टा न लावलेल्या माणसासाठी पुढची एअरबॅग ताशी साधारण 16 ते 19 किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर आदळल्याइतक्या धडकेला उघडते. पट्टा लावलेला असेल तर हा आकडा 26च्या आसपास जातो, कारण कमी वेगात पट्टाच पुरेसा असतो. हे भिंतीचे आकडे आहेत. समोर तशीच एखादी कार उभी असेल तर ती स्वतःही मागे सरकते, चेपते आणि धक्का वाटून घेते. त्यामुळे तेवढाच झटका बसायला वेग जवळजवळ दुप्पट लागतो.

आता ती ट्रॉली. कारचं बंपर, त्यामागच्या लोखंडी पट्ट्या आणि सेन्सर हे सगळं गुडघ्याच्या आसपास असतं. ट्रॉलीचा किंवा ट्रकचा हौदा त्याहून उंच. कार मागून धडकली की बंपर खालून निघून जातं. बॉनेट सोलल्यासारखं मागे गोळा होतं आणि मार बसतो तो काचेला, छताच्या खांबांना, म्हणजे थेट डोक्याच्या पातळीला. बॉनेटचा पातळ पत्रा चुरगळत जातो तसा वेगही टप्प्याटप्प्याने उतरतो आणि संगणकाला तो कडबा वाटतो. एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. उघडली तरी छतच आत आलेलं असेल तर तिचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. सगळ्यात भीषण दिसणाऱ्या अपघातात बलून गप्प राहण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्यावरचा इलाज कारमध्ये नाहीच. तो ट्रॉलीच्या मागे लावायच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये आणि ट्रकच्या मागच्या आडव्या संरक्षक दांड्यामध्ये आहे. उसाच्या हंगामात किती ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर दिसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

खांबाची गोष्टही अशीच. विजेचा खांब किंवा बाभळीचं खोड नेमकं गाडीच्या पुढच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे घुसलं तर सुरुवातीचा झटका मऊ लागतो. गाडी उलटली, मागून कुणी ठोकलं किंवा बाजूने धडक बसली तर पुढच्या एअरबॅगचा सहसा संबंध येत नाही. बाजूच्या धडकेसाठी दाराकडच्या आणि पडद्यासारख्या एअरबॅग लागतात. आपल्याकडे चालकाची एअरबॅग जुलै 2019पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची सर्व नव्या गाड्यांना 2022 उजाडता उजाडता. सहा एअरबॅगच्या सक्तीचा प्रस्ताव आला, पुढे ढकलला गेला आणि मग सोडून देण्यात आला. त्यामुळे ‘गाडीत एअरबॅग आहे’ याचा अर्थ अनेक गाड्यांत ‘पुढे दोन आहेत’ एवढाच.

एक समज फार पसरलेला आहे: पट्टा लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही. वरचे आकडे पाहिले तर अमेरिकेत तरी उलटंच दिसतं. पट्टा नसताना ती कमी धडकेलाही उघडते. पण पट्टा नसलेलं शरीर तोवर पुढे फेकलं गेलेलं असतं आणि फुगत असलेल्या पिशवीवर जाऊन आदळतं. म्हणून पट्टा नसताना ती उघडणं हाही धोकाच. स्टिअरिंगवर लिहिलेल्या ‘एसआरएस’ या अक्षरांतला पहिला ‘एस’ पूरक या अर्थाचा आहे. पट्ट्याला पूरक.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज आदळली. पुढे बसलेले दोघे पट्टा लावून होते. गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी पट्ट्याविना होते, दोघेही गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगही उघडल्या होत्या. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. पट्ट्याचा बझर गप्प करणाऱ्या क्लिपा मात्र ऑनलाइन विकल्या जातच होत्या. 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच कंपन्यांना आदेश देऊन त्या काढायला लावाव्या लागल्या. आपल्याच जिवावर उठायला आपण पैसे मोजत होतो!

खरोखरचे बिघाडही असतात. स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टी असते, गॅरेजवाले तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती तुटली की चालकाच्या एअरबॅगपर्यंत वीज पोचत नाही. पुरात बुडालेल्या गाडीतले जोड गंजतात. आणि सगळ्यात वाईट प्रकार जुन्या गाड्यांच्या बाजारातला: एकदा अपघात झालेली गाडी, उघडलेली एअरबॅग न बदलता वरचं झाकण तेवढं नवं बसवलेलं, आणि धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून तारेत केलेली लबाडी. शहरातून स्वस्तात आलेली गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकणारे खूप असतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून घेणारे थोडे.

रोही आणि रानडुकरांच्या भीतीने पुढे लोखंडी गार्ड बसवायची आपल्याकडे रीत आहे. तो धक्क्याची वाट बदलतो आणि सेन्सरचा हिशोब चुकवू शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीत जाड कव्हर चढवणंही एअरबॅगच्या वाटेत अडथळाच.

मग कंपनीचा दोष कधीच नसतो का? असतो. दिल्ली-पानिपत महामार्गावर नोव्हेंबर 2017मध्ये एका ग्राहकाची ह्युंदाई क्रेटा आदळली आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशी समोरून नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 20 एप्रिल 2022 रोजी न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. वेग आणि बलाचे सिद्धांत मांडून धडकेचं गणित करायला ग्राहक काही भौतिकशास्त्रज्ञ नसतो, अशा आशयाचं मत न्यायालयाने नोंदवलं. गाडी बदलून द्यायचा आणि एकूण तीन लाख रुपये द्यायचा खालच्या आयोगाचा आदेश कायम राहिला. अपघाताच्या फोटोंवरून गाडीच्या पुढच्या भागाचं नुकसान स्पष्ट दिसत होतं, हे त्या ग्राहकाच्या कामी आलं.

म्हणून बलून उघडलं नाही अशी शंका असेल तर गाडी लगेच गॅरेजात नेऊन ठोकून घेऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पोलिसांचा पंचनामा घ्या, विम्याच्या सर्व्हेअरला दाखवा आणि एअरबॅगचा संगणक काढून टाकू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत धडकेच्या क्षणाची नोंद त्यातच राहते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि अपघाताची वाट न पाहता करायचं एक काम आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तो लागलाच नाही, किंवा लागून राहिला, तर पुसेगावहून निघालेली गाडी आधी सर्व्हिस सेंटरला न्यायची, बाजाराला मग.