दाढीचा साबण : नवशिक्यानें कोणता घ्यावा ?

मुलाच्या ओठावर मिसरूड फुटूं लागली म्हणजे घरांत दोन प्रश्न उभे राहतात. त्यानें दाढी केव्हांपासून करावी, हा पहिला; आणि ती त्यास कोणीं शिकवावी, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर निसर्ग देतो. दुसऱ्याचें उत्तर हल्लीं बहुतेक घरांतून कोणीच देत नाहीं. पूर्वीं नेमलेल्या दिवशीं न्हावी घरीं येई, ओसरीवर बसे, आणि वस्तरा त्याच्या हातीं असल्यामुळें घरांतील कोणास कांहीं शिकावें लागत नसे. आतां मुलगा दुकानांतून फेसाचा डबा व प्लास्टिकचा वस्तरा घेऊन येतो, न्हाणीघराचें दार लावून घेतो, आणि गालावर दोन रक्ताचे ठिपके मिरवीत कॉलेजास जातो. अलीकडे कांहीं तरुण पुन्हां जुन्या रीतीकडे, म्हणजे ब्रश, वाटी, साबण व एका पात्याचा सेफ्टी रेझर यांकडे, वळूं लागले आहेत. पातें स्वस्त पडतें आणि प्लास्टिकचा कचरा कमी होतो, हीं त्याचीं उघड कारणें होत.

अशा नवशिक्यानें साबण कोणता घ्यावा, असें विचारलें असतां जाणते लोक बहुधा सांगतात कीं, बिनवासाचा व सौम्य घ्यावा. आमचें मत याच्या उलट आहे. कातडी निरोगी असेल तर नवशिक्याचा पहिला साबण चांगला घमघमणाराच असावा. असें कां म्हणावें, आणि या मताच्या मर्यादा कोणत्या, तें क्रमानें पाहूं.

ओल्या दाढीचें सारें मर्म एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द ‘सबुरी’ हा होय. दाढीचा केस पाणी शोषून मऊ होतो, परंतु त्यास दोन-तीन मिनिटें लागतात. भिजलेला केस कोरड्या केसाहून पुष्कळच कमी जोरानें कापला जातो. साबणाचा फेस केसांतील पाणी उडूं देत नाहीं, कातडीवरील तेलकटपणा काढून टाकतो, आणि पात्याखालीं निसरडा थर राखतो. असा घट्ट व ओलसर फेस येण्यासाठीं ब्रश मिनिट-दीड मिनिट वाटींत आणि तितकाच वेळ गालावर फिरवावा लागतो. सतरा वर्षांच्या मुलास एवढा वेळ युगासारखा वाटतो. तो घाई करतो, आणि घाई केली कीं कापतें. ‘सावकाश कर’ असें शंभर वेळां सांगून कांहीं होत नाहीं, हें ज्यानें वर्गांत चाळीस मुलें सांभाळलीं त्यास सांगावयास नको. जें उपदेशानें होत नाहीं तें गोडीनें होतें. चंदनाचा किंवा वाळ्याचा वास वाटींतून वर येऊं लागला म्हणजे हात आपोआप रेंगाळतो. आणि या विद्येंत रेंगाळणें हाच अभ्यास आहे. शिवाय सुगंधी द्रव्यें उष्णतेनें अधिक उडतात. पाणी कोमट असून फेस नीट फुलला तर वास खोलीभर दरवळतो; पाणी गार आणि ब्रशावर साबण अपुरा असेल तर तो मंद राहतो. फेसाची पारख ज्यास अजून डोळ्यांनीं येत नाहीं त्यास नाकानें तेवढें तरी कळतें.

बारामतीकरांस याचें मर्म पटावयास लांब जावयास नको. मोरोपंत (१७२९–१७९४) याच गांवीं राहिले व येथेंच त्यांनीं आपल्या आर्या रचिल्या. त्या आर्यांचा अन्वय लावणें मुलांस कठीण जातें. परंतु यमक-अनुप्रासांचा नाद कानांत भरला कीं मुलें अर्थ कळण्याच्या आधींच त्या म्हणूं लागतात, आणि म्हणतां म्हणतां एके दिवशीं अर्थही कळतो. नादानें मुलास ओढून आणावें व मग व्याकरणानें त्यास स्थिर करावें, ही शिकवण्याची जुनी रीत आहे. साबणाचा सुगंध हा या विद्येंतील अनुप्रास समजावा.

येथें एखादे आजोबा विचारतील कीं, विद्यार्थ्यास गंध व माल्य शास्त्रानें वर्ज्य सांगितलें आहे, त्याची वाट काय ? आक्षेप योग्य आहे. पण त्याचें उत्तरही शास्त्रांतच आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत सोळाव्या वर्षीं गोदान, म्हणजेच केशांत, हा संस्कार सांगितला आहे. तो मुलाच्या पहिल्या श्मश्रुकर्माचाच विधि होय. त्याची रीत चौलासारखी आहे, आणि चौलांत वस्तरा लावण्यापूर्वीं गार व ऊन पाणी एकत्र करून त्यानें केस भिजवावयाचे असतात. ‘आधीं कोमट पाण्यानें भिजवा’ हा धडा इतका जुना आहे. पुढें विद्या संपवून मुलगा समावर्तन करतो त्या दिवशीं त्याचें क्षौर होतें, उटणें लावून स्नान होतें, आणि मग त्यास अनुलेपन, माळ, अंजन, छत्र व पादत्राणें मिळतात. ज्या दिवशीं क्षौर त्याच दिवशीं सुगंध, अशी ही जोडी शास्त्रानेंच घातली आहे. चरकानें तर पंधरवड्यांतून तीनदां केस, श्मश्रु व नखें काढावीं, असा नियम सांगून हें सारें आरोग्याच्या सदरांत घातलें आहे. शिवाय साबण धुवून जाणारी वस्तु आहे; त्याचा वास अत्तराप्रमाणें दिवसभर अंगावर राहत नाहीं.

सुगंधाची विद्याही आपणांस परकी नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंगाधराचा ‘गंधसार’ व मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे ग्रंथ उजेडांत आणिले. आणि रिठा, साबण व धोबी यांच्या इतिहासावरही त्यांनीं लिहिलें आहे. आपल्या भाषेंत सुगंधशास्त्रावर टीका लिहिली गेली होती, हें आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसतें.

आतां ‘उग्र वास’ म्हणजे कोणता, याचा विवेक केला पाहिजे. चंदन, वाळा, कस्तुरीसारखा वास, लव्हेंडर, लिंबू हे वास नाकास कितीही जोरकस असले तरी चालतील. लिंबाचा वास लवकर उडतो व चंदनाचा टिकतो, एवढाच त्यांत भेद. मात्र स्वस्त साबणांतील चंदन हें बहुधा कारखान्यांत रसायनांपासून केलेलें असतें, हें ध्यानांत असावें. परदेशींही हीच आवड दिसते : जर्मनींतील टबॅक, टर्कींतील आर्को हे दाढीचे साबण त्यांच्या ठसठशीत वासासाठींच प्रसिद्ध आहेत. पण मेंथॉलची, म्हणजे पुदिन्याच्या अर्काची, गोष्ट वेगळी आहे. इटलींतील प्रोरासोच्या हिरव्या साबणांत मेंथॉल व निलगिरीचें तेल असतें, आणि त्यानें गाल गार झाल्याचा भास होतो. तो भासच होय; मेंथॉल हें थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंस चेतवितें, आणि त्या गारव्याखालीं पात्याची बारीक जळजळ झांकून जाते. मुरलेल्या माणसास तें सुखाचें वाटेल. नवशिक्यास मात्र आपण पातें किती दाबतों हें त्या जळजळीवरूनच शिकावयाचें असतें. म्हणून त्याचा साबण नाकाला जोरकस पण गालाला मवाळ असावा.

कातडीची परीक्षा आधीं झालीच पाहिजे. सुगंधी द्रव्यें हें कातडीच्या ॲलर्जीचें एक नित्याचें कारण आहे. युरोपांत अशा २६ द्रव्यांचीं नांवें वेष्टनावर छापण्याची सक्ति २००५ पासून आली, आणि २०२३ च्या नियमानें ती यादी ८० च्या वर गेली. लिमोनीन, लिनालूल, युजेनॉल हीं नांवें आपल्याकडील वेष्टनांवरही पुष्कळदां दिसतात. परीक्षेची रीत सोपी आहे. दाढीस लागतो तितका वेळ कोपराच्या आंतल्या बाजूस फेस लावावा, धुवावा, आणि असें तीन-चार दिवस करावें. ॲलर्जी तत्काळ न दिसतां एक-दोन दिवसांनींही उठते, म्हणून एका दिवसावरून निकाल देऊं नये. ज्यास इसब आहे, ज्याच्या चेहऱ्यावर पिकलेल्या तारुण्यपीटिका आहेत, त्यानें आमचा सल्ला सोडून बिनवासाचाच साबण घ्यावा. आणि एकत्र कुटुंबांत न्हाणीघर सर्वांचें असतें. घरांत दमेकरी किंवा अर्धशिशीचा रोगी असेल तर त्यास विचारूनच वास निवडावा. एकाची हौस दुसऱ्याचें दुखणें होऊं नये.

यापुढची अडचण आपल्या भागाची आहे, आणि तिचा दोष पुष्कळदां विनाकारण साबणावर येतो. बारामती व इंदापूर या तालुक्यांस १८८५ च्या सुमारापासून नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी मिळत आहे, आणि इंदापुरास १९८० पासून उजनीचा जलाशय लागून आहे. उसाच्या पाण्यानें काळ्या जमिनी समृद्ध झाल्या, पण जेथें पाण्याचा निचरा झाला नाहीं तेथें त्या चोपण व खारवट झाल्या. तेथील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी मचूळ लागतें. असें पाणी दुष्फेन असतें. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशीं मिळून दह्याच्या कवडीसारखा न विरघळणारा साका करतात, आणि फेस येतो न येतो तों बसतो. मुलगा म्हणतो साबण वाईट. वास्तविक पाणी वाईट असतें. बॅटरींत घालण्याचें ऊर्ध्वपातित पाणी एका बाटलींत व घरचें पाणी तशाच दुसऱ्या बाटलींत समभाग घेऊन दोहोंत साबणाचा सारखाच तुकडा घालावा आणि दोन्ही हालवाव्या. फेसाच्या उंचींतील फरक तात्काळ दिसेल. कांहीं पाण्याचा दुष्फेनपणा उकळल्यानें जातो, कांहींचा जात नाहीं. पण दाढीस पाणी लागतें तें वाटीभरच. तेवढ्यापुरतें पावसाचें किंवा शुद्धीकरण-यंत्रांतील पाणी घेतलें कीं काम होतें. हें न करतां केवळ महाग सुगंधी साबण आणणें म्हणजे खारवट जमिनींत उत्तम बेणें लावण्यासारखें आहे.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली जाते, ती साबणांतील चरबी. अर्देशीर गोदरेज यांनीं १९१८ च्या सुमारास केवळ वनस्पतींच्या तेलांचा साबण बाजारांत आणिला, तेव्हांपासून या बाबतींत आपली सोय झाली आहे. तथापि परदेशी दाढीच्या साबणांत प्राण्यांची चरबी वापरण्याची जुनी चाल आहे. वेष्टनावर ‘टॅलोएट’ असा शब्द असेल तर ती चरबी समजावी. ‘पामेट’ व ‘कोकोएट’ हीं पाम व नारळाचीं होत. ब्रशही बिजूच्या केसांचा न घेतां कृत्रिम तंतूंचा घ्यावा. तो लवकर वाळतो व नवशिक्यास सोपाही जातो.

राहतां राहिली पात्याची गोष्ट. किंग जिलेट यास सेफ्टी रेझरचें पेटंट १९०४ सालीं मिळालें. त्याच्या आदल्या वर्षीं त्याचे अवघे ५१ रेझर व १६८ पातीं खपलीं होतीं. आज तें पातें वाण्याच्या दुकानांत मिळतें, आणि स्वस्त म्हणूनच घरांत तें कोणीही कोणाचें वापरतो. हें सर्वस्वीं बंद झालें पाहिजे. हेपॅटायटिस बी या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो, आणि न दिसण्याइतक्या रक्तानेंही तो एकाचा दुसऱ्यास जाऊं शकतो. काका-पुतणे, भाऊ-भाऊ, कोणीही असोत. रेझर व पातें ज्याचें त्याचें स्वतंत्र असावें. वापरलेलीं पातीं फटीच्या डब्यांत सांठवावीं; कचरा उचलणाऱ्याचा हात आपल्या पात्यानें कापूं नये.

कृति थोडक्यांत अशी. स्नानानंतर अथवा कोमट पाण्यानें चेहरा दोन मिनिटें भिजवून मग फेस लावावा. पातें गालाशीं सुमारें तीस अंशांच्या कोनांत धरावें, दाबूं नये, व केसांच्या वाढीच्या दिशेनें लहान लहान ओढीनें न्यावें. पुन्हां फेस लावून दुसरा हात फिरवावा. पहिल्या महिन्यांत उलट्या दिशेनें जाऊंच नये. शेवटीं गार पाणी, व कापलें असेल तेथें ओली तुरटी. चार-पांच दाढ्यांनंतर पातें बदलावें.

दोन-तीन महिन्यांत हात बसला कीं मुलानें हवा तर बिनवासाचा साबण घ्यावा. तोंवर सुगंधाचें काम झालेलें असतें. घरांतील वडीलधाऱ्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, चिरंजीवांस त्यांचा स्वतःचा रेझर, एक वाटी, एक घमघमणारा साबण आणि आपल्या सकाळचा पाव तास द्यावा. पहिल्या तीन वस्तु बाजारांत मिळतात; चौथी घरांतूनच द्यावी लागते.