गिटारवरील अपरिचित स्वरमेळ

गिटारचा नवशिका ‘एफ’ या स्वरमेळापाशीं, म्हणजेच कॉर्डपाशीं, हमखास अडतो. कित्येक तर येथेंच वाद्य खुंटीला टांगतात. वस्तुतः आकृति नीट वाचल्यास भीतीचें कारण उरत नाहीं. सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा. डावीकडची सर्वांत जाड. आडव्या रेघा म्हणजे पडदे, ठिपके म्हणजे बोटांच्या जागा. वर शून्य असल्यास तार मोकळी छेडावी, फुली असल्यास वगळावी. आतां परिचित ‘ई’ची आकृति मध्यमा, अनामिका व करंगळी यांनीं धरून एक पडदा पुढें न्यावी आणि तर्जनी पहिल्या पडद्यालगत सहाही तारांवर आडवी दाबावी, ‘एफ’ सिद्ध होतो. मग एकेक तार छेडावी; जी मुकी राहील, तेथेंच बोट सुधारावें. अपरिचित स्वरमेळ पुष्कळदां ओळखीचाच असतो. त्यानें केवळ जागा बदललेली असते.