घुमटाखाली चार गज

वाशिम, मंगरूळपीर, मालेगाव, कारंजा इथल्या शाळांची सहल नागपूरला निघाली की गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र पाहण्याचा बेत हमखास होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तो वाशिम जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे कारंजा किंवा शेलूबाजारला महामार्ग धरला की नागपूर आता पूर्वीइतकं लांब वाटत नाही. केंद्रातल्या तारांगणात मुलं खुर्चीत रेलून बसतात, दिवे मंदावतात, डोक्यावर आकाश उमटतं आणि रेकॉर्ड केलेलं निवेदन सुरू होतं.

या निवेदनाच्या जागी चार वादक बसले तर? युरोप-अमेरिकेतल्या तारांगणांत असे कार्यक्रम होतात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असा स्ट्रिंग क्वार्टेट घुमटाखाली प्रत्यक्ष वाजवतो आणि त्याच वेळी सगळ्या घुमटावर चलचित्र पसरतं. वरवर पाहता ही करमणूक वाटेल, पण त्यात पदार्थविज्ञान ठासून भरलेलं आहे. गजाने वाजवलेली तार आणि घुमटात फिरणारा आवाज हे त्यातले दोन मुख्य प्रश्न, आणि या दोन्हींवर सखोल काम केलेला माणूस म्हणजे चंद्रशेखर वेंकट रमण. विदर्भातल्या या घुमटाला त्यांचंच नाव आहे.

रमण म्हटलं की प्रकाशाचं विकिरण, 28 फेब्रुवारी 1928 आणि 1930चं नोबेल एवढंच आपल्या पाठ्यपुस्तकात उरलं आहे. त्याआधीची कितीतरी वर्षं हा माणूस नादात बुडालेला होता. अर्थखात्यात नोकरी करत असताना 1910मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. पुढच्याच वर्षी ते कोलकात्याला परतले. तिथे कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत बसून त्यांनी व्हायोलिनच्या तारेचा पिच्छा पुरवला. 1918 साली गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवरचा त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. हाताचा दाब आणि वेग कमीजास्त होतो म्हणून त्यांनी गज चालवणारं यंत्रही बनवलं होतं.

तार नेमकी करते काय? वाजणारी तार डोळ्यांना मधे फुगलेली, धूसर दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी ती दोन सरळ तुकड्यांची असते आणि त्या तुकड्यांमधला कोपरा तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत असतो. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. तिच्यामुळे तार केसांना चिकटते आणि गजाबरोबर ओढली जाते. धावता कोपरा गजाखाली आला की ती सुटते, झटकन मागे जाते आणि पुन्हा चिकटते. व्हायोलिनच्या 440 हर्ट्झच्या तारेवर हे चिकटणं-सुटणं एका सेकंदात 440 वेळा घडतं. राळ नसेल तर गज तारेवरून नुसता घसरतो आणि आवाज जवळजवळ निघतच नाही. चेलोच्या एखाद्या स्वरावर वाद्याची लाकडी पेटी तारेशी भांडू लागते, स्वर थरथरतो, गुरगुरतो. वादक त्याला ‘वुल्फ नोट’ म्हणतात. त्याचीही कारणमीमांसा रमण यांनी 1916मध्ये केली होती.

मराठी कानांना हे वाद्य परकं नाही. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी व्हायोलिन गळ्यासारखं गातं केलं.

आता घुमट. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात उभं राहून भिंतीशी कुजबुजलं की ती कुजबुज समोरच्या टोकाला ऐकू जाते, हे आपल्याकडच्या असंख्य पर्यटकांनी अनुभवलं आहे. आवाज भिंतीच्या वळणाला चिकटून कसा सरकतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलवरून मांडलं होतं. रमण यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातल्या अशा वास्तूंचा अभ्यास केला. त्यात गोलघुमटही होता. ऐकणाऱ्याला गंमत वाटणारी ही करामत संगीतकाराला मात्र जाच ठरते. अंतर्गोल पृष्ठभाग आवाज पसरवत नाही, गोळा करतो. टणक अर्धगोलाच्या मध्यावर टाळी वाजवली तर ती सगळीकडून परावर्तित होऊन वाजवणाऱ्याच्याच कानावर आदळते. तिथून दोन खुर्च्या पलीकडे तीच टाळी फिकी ऐकू येते.

म्हणूनच आधुनिक तारांगणाचा घुमट दिसतो तसा सलग नसतो. जवळ जाऊन पाहिलं तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला अगणित बारीक भोकं असतात. आवाज त्यांतून पलीकडे जातो आणि मागच्या मऊ अस्तरात जिरतो. स्पीकरही पत्र्यामागेच बसवलेले असतात. निवेदनाचा शब्द न् शब्द स्पष्ट कळावा म्हणून केलेली ही रचना क्वार्टेटला मात्र जड जाते. या संगीताला थोडी घुमक, स्वर संपल्यावर रेंगाळणारा नाद हवा असतो. शोषून घेणाऱ्या घुमटाखाली तो कोरडा पडतो. यावर उपाय म्हणजे वाद्यांजवळ माइक ठेवून, हवी तेवढी घुमक मिसळून तो आवाज घुमटामागच्या स्पीकरमधून हलकेच सोडणं. हे प्रमाण जमलं तर चेलोचा खर्ज अंगावर येतो. त्याच्या सर्वांत खालच्या स्वराची, म्हणजे सुमारे 65 हर्ट्झची, हवेतली लहर पाच मीटरहून लांब असते.

चित्राच्या अडचणी निराळ्या. घुमटासाठीची फ्रेम गोल असते; तिचा मध्य म्हणजे डोक्यावरचा खमध्य आणि परीघ म्हणजे क्षितिज. पृष्ठभाग पांढराशुभ्र ठेवला तर एका बाजूचा उजेड उसळून दुसऱ्या बाजूचं चित्र धुवून टाकतो, म्हणून तो मुद्दाम करडा रंगवतात. स्वरलिपीच्या स्टँडवरचा छोटासा दिवाही तारे पुसायला पुरतो. डोळ्यांना पूर्ण अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तेव्हा तांबूस मंद दिवाच बरा. शिवाय नजरेच्या कडांपर्यंत आकाश वेगाने सरकू लागलं की स्थिर बसलेल्या माणसाला आपणच उडतोय असं वाटतं. मेंदू डोळ्यांवर भरवसा ठेवतो, कानातला तोल सांभाळणारा अवयव नाही म्हणत असतो, आणि काहींना मळमळतं. संथ संगीताबरोबर संथ आकाश हवं, ते यासाठीच.

सर्वांत नाजूक प्रश्न लयीचा. चित्रफीत ठरलेल्या वेळेत संपते. माणसं तशी वाजवत नाहीत. वादकांच्या कानात ठोक्यांची पट्टी वाजवून त्यांना चित्राला बांधता येतं, पण मग मैफिलीचा जीव जातो. त्यापेक्षा चित्राचे लहान तुकडे करून, स्वरलिपी वाचू शकणारा माणूस नियंत्रणाशी बसवावा. ख्याल गाणाऱ्याचा श्वास ओळखून तबलजी सम गाठतो, तशी त्याने वादकांची साथ करावी.

घुमटाखालच्या संगीताचा इतिहासही तसा जुना आहे. कार्ल झाइसचं पहिलं तारांगण म्युनिकमध्ये ऑक्टोबर 1923मध्ये दाखवलं गेलं. आपल्याकडे पुण्याच्या टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली तारांगण उभं राहिलं. 1957मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात हेन्री जेकब्स आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ या नावाने ध्वनिफिती आणि घुमटभर आकृत्यांचे कार्यक्रम सुरू केले. क्वार्टेट आणि अंतराळ यांची सांगडही नवी नाही. आशा भोसले यांच्याबरोबर 2005मध्ये राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम करणाऱ्या क्रोनोस क्वार्टेटने त्याआधी, 2002 साली, टेरी रायली यांची ‘सन रिंग्ज’ ही रचना वाजवली होती. अंतराळयानांनी टिपलेल्या प्लाझ्मा लहरींचे आवाज त्यात गुंफले होते, आणि त्यासाठी पुढाकार नासाने घेतला होता.

मुंबईचं नेहरू तारांगण 3 मार्च 1977 रोजी सुरू झालं. त्याच वर्षी दोन्ही व्हॉयेजर यानं सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या घेऊन निघाली. त्या तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठीतला नमस्कार आहे, आणि शेवटची रचना आहे बीथोव्हनच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटचा संथ भाग, बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेला. केसरबाई 16 सप्टेंबर 1977 रोजी गेल्या; व्हॉयेजर-1 अकरा दिवसांपूर्वीच उडालं होतं. आज ते 2,400 कोटी किलोमीटरहून दूर आहे. भैरवी आणि क्वार्टेट तिथे एकाच तबकडीवर आहेत. मग नागपूरच्या घुमटाखाली ते एकाच मैफिलीत का नसावेत?

आणि त्या मैफिलीत आकाश वाशिमचं असावं. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या, रेखांश जिच्यापासून मोजत त्या मध्यरेषेवरची गावं दिली आहेत. त्यांत अवंतीबरोबर, म्हणजे उज्जैनबरोबर, वत्सगुल्मही आहे. शहरातल्या मध्यमेश्वर मंदिराशी ही मध्यरेषेची कथा आजही जोडली जाते. आजच्या मोजणीने वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं अधिक आहे, म्हणजे वाशिमला सूर्य माथ्यावर येतो तो उज्जैनच्या पाचेक मिनिटं आधी. ग्रहणाच्या वेळा आणि वाटेची अंतरं यांवरून रेखांश ठरवणाऱ्या काळात एवढा फरक फार नाही.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन येतो. रमण विज्ञान केंद्राने त्या दिवशी घुमटाखाली चार वादक बसवावेत. मैफिलीआधी मुलांना एक गज राळ लावून आणि एक गज राळेविना तारेवर ओढू द्यावा. वाशिम जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तशी मागणी केंद्राकडे आजच लेखी करावी.